एअर मॅट्रेस चालू आहे, तरी बेडसोर भरत का नाही?

तक्रार नेहमी एकच असते. पेशंटला पडून पडून माकडहाडावर जखम (बेडसोर) झाली, डॉक्टर म्हणाले एअर मॅट्रेस (पंपाने हवा भरली जाणारी गादी) आणा, नातेवाईकांनी धावपळ करून सर्जिकलच्या दुकानातून आणली, पंप घूं घूं चालू आहे, आणि दोन-तीन आठवड्यांनी ड्रेसिंग उघडलं की जखम तेवढीच, नाहीतर अजून खोल. मग कोणी म्हणतं गादी हलक्या कंपनीची आहे, कोणी म्हणतं सिस्टर लक्ष देत नाहीत, कोणी म्हणतं वय झालंय आता काय भरणार. ऑर्थो आणि न्यूरोच्या वॉर्डात बरीच वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय की बहुतेक वेळा गादी वाईट नसते, गादी आणि हाड यांच्यामध्ये काहीतरी बिघडलेलं असतं. म्हणून दुसरी महागडी गादी आणायच्या आधी खालचं तपासा, सोपं आणि फुकटचं आधी लिहिलंय.

पहिलं काम, हात घालून बघा

पेशंट उताणा झोपलेला, पंप चालू, डोक्याकडची बाजू रोज असते तेवढीच वर. आता एअर मॅट्रेस आणि तिच्याखालची कॉटची गादी यांच्यामध्ये हात सरकवा, तळवा वर करून, बरोबर माकडहाडाच्या खाली. हाताला नुसती फुगलेली नळी लागली, वर कुठेतरी पेशंट आहे एवढंच कळलं तर ठीक. पण हाड सरळ तळव्यावर टेकल्यासारखं जाणवलं, मध्ये इंचभरही हवा नाही, तर समजा की पेशंट एअर मॅट्रेसवर नाहीच, तो खालच्या गादीवर झोपलाय आणि हवा दोन्ही बाजूंना फुगून बसलीय. आम्ही याला बॉटमिंग आऊट म्हणतो, आणि जखम न भरण्याचं हे इतकं साधं कारण असूनही कोणी हात घालून बघत नाही, सगळे पंपाचा हिरवा दिवा बघतात.

आळीपाळीने फुगणाऱ्या गादीत (एक नळी फुगते तेव्हा शेजारची बसते) एक घोळ होतो, तुम्ही हात घातला तेव्हा नेमकी तीच नळी बसलेली असली तर उगाच घाबराल. म्हणून पंपावर स्टॅटिकचं (सगळ्या नळ्या सारख्या फुगलेल्या ठेवणारं) बटण असेल तर ते दाबून बघा (आणि नंतर परत बदला, ते तसंच राहिलं तर आळीपाळी बंद), बटण नसेल तर हात तिथेच ठेवून पूर्ण फेरी होऊ द्या, बऱ्याच पंपांची फेरी दहा मिनिटांच्या आसपास असते. मग हेच पेशंटला भरवताना बसता केल्यावर परत करा. झोपल्यावर ठीक असलेली गादी बसल्यावर बरेचदा खाली टेकते कारण सगळं वजन बुडावर येतं, आणि आपल्याकडे पेशंटला बरं वाटावं म्हणून तासन्‌तास टेकून बसवून ठेवायची सवय आहे.

पंपावरचं चाक

त्या चाकावर एकतर सॉफ्ट ते हार्ड लिहिलेलं असतं किंवा किलो. येणारा प्रत्येक माणूस ते फिरवतो. मामा फिरवतात, मावशी फिरवतात, भेटायला आलेले काका तर पूर्ण उजवीकडे फिरवून जातात, कारण जास्त हवा म्हणजे जास्त फायदा असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. गादी टणक झाली की अंग तिच्यात जरासुद्धा रुतत नाही, वजन पसरत नाही, टेकलेल्या दोन-चार ठिकाणीच सगळा भार येतो, म्हणजे लाकडी फळीवर झोपवल्याचीच गत. वजनाप्रमाणे चाक लावा, मग वर सांगितलेली हाताची तपासणी करा, आणि बरोबर बसलं की चाकाच्या जागेवर चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने खूण करा. महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं वजन उतरतं, तेव्हा पहिल्या दिवशीचं सेटिंग कायमचं धरून बसू नका.

गादीच्या जाहिरातीत एक आकडा हमखास असतो, प्रेशर ३२ मिलिमीटर मर्क्युरीच्या खाली म्हणजे बेडसोर होणारच नाही. हा आकडा लँडिस नावाच्या संशोधकाच्या १९३० सालच्या कामातला, निरोगी माणसांच्या नखाजवळच्या बारीक रक्तवाहिन्यांत मोजलेला. सत्तर वर्षांच्या, बीपी कमी झालेल्या, शुगर असलेल्या आजींच्या कमरेला तो जसाच्या तसा लागू होत नाही, तेव्हा त्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

वर काय काय घातलंय ते मोजा

हे मी सगळ्यात जास्त वेळा बघते. गादी हजारोंची आणि तिच्यावर आधी रेक्झिन, मग मॅकिनटॉश (रबरी कापड), मग चादर, मग ड्रॉ शीट (कमरेखाली आडवी घालायची चादर), मग घरून आणलेली गोधडी कारण गादी गार लागते, मग अंडरपॅड, आणि पेशंटला डायपर. एवढं सगळं मध्ये आलं की खालची हवा फुगो नाहीतर बसो, कातडीला काही कळत नाही, वर घाम आणि लघवी आत कोंडून कातडी भिजून पांढरी पडते ती वेगळीच. काही गाद्यांना वर बारीक छिद्रं असतात, त्यातून हवा येऊन कातडी कोरडी राहावी म्हणून, आणि त्याच्यासाठी जास्त पैसे दिलेले असतात, आणि त्याच छिद्रांवर मॅकिनटॉश!

एक सुती चादर आणि गरज असेल तर हवा खेळणारं एक अंडरपॅड, बस. चादरसुद्धा घट्ट ताणून खोचायची नाही. नर्सिंगच्या शाळेत आम्हाला हॉस्पिटल कॉर्नर (चादरीचे कोपरे घट्ट दुमडून खोचणं) शिकवलेत, एक सुरकुती दिसली की मॅडम ओरडायच्या, पण एअर मॅट्रेसवर चादर ताणली की पेशंट झोळीसारखा त्या कापडावर लटकतो आणि नळ्या खाली रिकाम्या. सैल ठेवा, सुरकुत्या हाताने सरळ करा. डायपर अंथरुणात असताना शक्यतो उघडा ठेवा, नुसता खाली पसरून.

पंप चालतोय म्हणजे गादी चालतेय असं नाही

एका नळीवर बोट ठेवा, ती कडक आहे का बघा, पाच-दहा मिनिटांनी परत बघा. मऊ झाली आणि शेजारची कडक झाली तर आळीपाळी चालू आहे. दोन्ही तशाच राहिल्या आणि पंप स्टॅटिकवर नसेल, तर पंपापासून येणाऱ्या दोन पाईपपैकी एक दबलेला असू शकतो. बहुतेक वेळा कॉटचं हँडल फिरवून पाय किंवा डोकं वर केलं की पाईप कॉटच्या लोखंडात चिमटतो, किंवा पंप पायाकडच्या बाजूला टांगलाय तिथे कोणीतरी स्टूल सरकवतं. पाईपची टोकं पंपात घट्ट बसलीत का बघा. मोठ्या गाद्यांना डोक्याकडे सीपीआरचा व्हॉल्व असतो, इमर्जन्सीत एका झटक्यात हवा सोडायला, तो अर्धवट उघडा राहिला तर गादी कधीच पूर्ण फुगत नाही. गादी उलटी घातलेलीसुद्धा पाहिलीय मी, फुगे खाली आणि सपाट बाजू वर. पंपाच्या मागे छोटा फिल्टर असतो, त्यावर वॉर्डातली धूळ आणि कापसाचं लिंट बसून तो चोंदतो, तो काढून धुवून वाळवून परत लावायचा.

आणि प्लग. कॉटच्या मागे सॉकेट दोन, त्यात सक्शन मशीन, नेब्युलायझर, पंप, आणि रात्री कोणाचा तरी मोबाईल. पंपाचा प्लग काढून मोबाईल लावला जातो आणि सकाळपर्यंत लक्षात येत नाही. प्लगवर ठळक अक्षरात "गादी, काढू नये" लिहून चिकटवा, बालिश वाटेल पण उपयोग होतो.

लाईट गेली तर काही गाद्यांच्या पाईपना टोपी असते ती लावली की हवा काही वेळ टिकते, नसेल तर पाईप दुमडून रबरबँडने बांधा, आणि तेवढ्या वेळात पेशंटला कूस देत राहा. पेशंटला एक्सरे-सीटी स्कॅनला नेताना तर तो कडक ट्रॉलीवर अर्धा-एक तास पडलेला असतो, तिथेही पाठीखाली काहीतरी मऊ हवं, पण त्याचा विचार कोणी करत नाही.

फुग्यांची गादी पंक्चर झाली तर सोबत चिकटवायच्या पट्ट्या येतात, साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते शोधा. नळ्यांच्या गादीत एकच नळी बदलता येते, अख्खी गादी टाकून देऊ नका.

टाचा

टाचेची जखम असेल तर कुठल्याही एअर मॅट्रेसवर विश्वास ठेवू नका. टाच लहान, हाड एकदम वर, सगळा भार टोकावर. टाच हवेत तरंगायला पाहिजे. पोटरीच्या पूर्ण लांबीखाली उशी, गुडघा किंचित वाकलेला, आणि टाचेखालून कागद आरपार सरकला पाहिजे. उशी नुसती घोट्याच्या वरच्या शिरेखाली ठेवली तर तिथे नवीन जखम होते. हातमोज्यात पाणी भरून टाचेखाली ठेवायचा जुना प्रकार अजून चालतो, तो बंद करा, तसंच हवेची गोल रिंग कमरेखाली ठेवणंही बंद, रिंगच्या कडेवर दाब येऊन मधल्या भागाचा रक्तपुरवठा उलट कमी होतो. मांडीच्या हाडाच्या फ्रॅक्चरला ट्रॅक्शन (वजन बांधून पाय ओढून धरणं) लावलेल्या पेशंटची टाच रोज पट्टी सोडवून बघायची असते, पायात घट्ट मोजे घातलेत म्हणून तपासायचं टाळू नका. टाच काळी पडून कोरडी झाली असेल आणि पाय गार असेल तर आधी पायाची नाडी लागते का ते डॉक्टरांना बघू दे, शुगरच्या पेशंटमध्ये प्रश्न दाबाचा नसून रक्तवाहिनीचा असू शकतो, आणि ती कोरडी काळी खपली घरच्या घरी ओढून काढायची नाही.

पेशंट खाली घसरतोय का

डोकं वर केलं की अंग खाली सरकतं, कातडी चादरीला चिकटून तिथेच राहते आणि आतलं हाड पुढे जातं, मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात. जखमेच्या कडा आत पोखरलेल्या दिसतात, ड्रेसिंग एका बाजूला गोळा झालेलं असतं, तर कारण हेच. शक्य तेवढं डोकं ३० अंशांच्या वर नको, आणि डोकं वर करण्याआधी गुडघ्याकडची बाजू थोडी वर करा म्हणजे घसरणं कमी होतं. इथे खरी ओढाताण आहे, राईल्स ट्यूबने (नाकातून पोटात घातलेल्या नळीने) भरवताना आणि व्हेंटिलेटरवर डोकं वर ठेवावंच लागतं नाहीतर पोटातलं फुफ्फुसात जाईल. फुफ्फुस आधी, जखम नंतर, त्यात वाद नाही. पण फीड झाल्यावर अर्धा-पाऊण तासाने खाली करायला हरकत नसेल तर डॉक्टरांना विचारून खाली करा, चार तास तसंच ठेवू नका. वर सरकवताना काखेत हात घालून ओढायचं नाही, दोघांनी ड्रॉ शीट धरून उचलून सरकवायचं.

गादी आहे म्हणून कूस बदलणं बंद केलंय का

मला विचाराल तर खरं भांडण इथे आहे. गादी आली की घरचेही सुस्तावतात आणि स्टाफही, कारण एका सिस्टरकडे इतके पेशंट असतात की गादी काम करतेय हा विचार सोयीचा वाटतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलला लुडविग गुटमन यांनी मणक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी युनिट सुरू केलं, तेव्हा अशा पेशंटचे प्राण बेडसोर आणि लघवीच्या इन्फेक्शनने जायचे. पंपाच्या गाद्या नव्हत्या. त्यांनी दिवसरात्र दर दोन तासांनी कूस बदलायला लावली आणि माणसं जगायला लागली, त्यात या कूस बदलण्याचा मोठा वाटा होता. चांगली गादी असेल आणि कातडी लाल होत नसेल तर हे अंतर थोडं वाढवता येतं, पण ते पेशंट बघून ठरवायचं, बंद नाही करायचं.

आणि वळवायचं ते पूर्ण कुशीवर नाही. ९० अंशात वळवलं की खुब्याचं हाड गादीत घुसतं आणि आठवड्यात तिथे दुसरी जखम. पाठीमागे उशी देऊन ३० अंश तिरकं ठेवा, एवढं की माकडहाडाखाली हात सहज जातो. ज्या बाजूला जखम आहे त्या बाजूवर झोपवायचंच नाही, गादी कितीही भारी असो. लाल झालेल्या जागेवर चोळायचं नाही, स्पिरिट आणि पावडर तर अजिबात नाही. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तेव्हा बोटांनी बघा, आजूबाजूपेक्षा गरम लागतंय का, कडक किंवा पचपचीत लागतंय का, दाबल्यावर दुखतंय का.

जखम दाबाची आहे का हे तरी नक्की आहे का

नाकावर बायपॅपच्या (श्वासाला मदत करणाऱ्या मशीनच्या) मास्कची, कानामागे ऑक्सिजनच्या दोरीची, मांडीखाली दबलेल्या कॅथेटरची जखम असेल तर एअर मॅट्रेसचा काय संबंध. अंथरुणात सुईची टोपणंसुद्धा सापडतात. तसंच दोन्ही कुल्ल्यांवर पसरलेली, उथळ, कडा धूसर, हाडाच्या जागेवर नसलेली लाली ही बहुतेक ओलाव्याची, तिथे स्वच्छता आणि झिंक ऑक्साईडसारखं बॅरियर क्रीम काम करतं.

आणि एक प्रकार आहे ज्यात गादीवर हकनाक आळ येतो. सोमवारी गादी लावली, बुधवारी कमरेवर जांभळा-काळा डाग, आठवड्यात तो फुटून खोल खड्डा. घरचे म्हणतात गादीने वाढवलं. प्रत्यक्षात आतलं मांस दोन-तीन दिवस आधीच मेलेलं असतं, कॅज्युअल्टीच्या ट्रॉलीवर, लांबलेल्या ऑपरेशनमध्ये, किंवा पडल्यावर घरच्या फरशीवर रात्रभर तसेच राहिले तेव्हा, आणि कातडीवर ते ४८ ते ७२ तासांनी दिसायला लागतं. म्हणून अॅडमिशनच्या वेळी पेशंटला वळवून पाठ बघून कागदावर लिहून ठेवा, नंतरची भांडणं वाचतात.

गादीच कमी पडतेय असं कधी म्हणायचं

वरचं सगळं नीट असेल, दोन आठवडे गेले आणि जखमेत सुधारणेचं चिन्ह नाही, तर परत सगळं तपासायची वेळ आली. सुधारणा नजरेने नाही, पट्टीने बघायची. आठवड्यातून एकदा, पेशंटला त्याच कुशीवर ठेवून लांबी-रुंदी मोजा आणि लिहा. काळी किंवा पिवळी मेलेली चामडी आत असेल तर ती काढल्याशिवाय भरणार नाही, मग गादी सोन्याची आणा. वास, पू, ताप, तळाशी हाड लागणं, यात सर्जनला बोलवा. आणि लाल मांस भरायला लागलेल्या जखमेत रोज हायड्रोजन पेरॉक्साईड ओतून फेस काढणं थांबवा, नवीन पेशी त्यातच जातात, सलाईनने धुणं पुरतं.

पोटात काय जातंय तेही बघा. जखम असलेल्याला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.२५ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६२ ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सहाएक ग्रॅम. पेज आणि पातळ वरणावर हा हिशोब बसतच नाही, आणि सलाईन चालू आहे म्हणजे पोट भरतंय हा तर निव्वळ गैरसमज, ५०० मिलीच्या पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत शंभर कॅलरीसुद्धा नसतात. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन किती ते डॉक्टरांना विचारूनच.

आता गादीच बदलायची तर कुठली. फुग्यांची स्वस्त गादी पातळ असते, हलक्या पेशंटला आणि वरवरच्या जखमेला चालते, जड माणूस तिच्यात खाली टेकतो. जखम खोल आहे, दोन-तीन बाजूंना आहे, वळवायला जागाच उरली नाही, तर उंच नळ्यांची गादी घ्या. आणि जो स्वतः थोडा हलतो, जखम नाही, नुसता धोका आहे, त्याला चांगला दाट फोमही पुरू शकतो. ब्रिटनमध्ये २०२९ पेशंटवर मोठा अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला, त्यात एअर मॅट्रेसवाल्यांपैकी ६.९ टक्के आणि चांगल्या फोमवाल्यांपैकी ८.९ टक्के लोकांना दुसऱ्या ग्रेडची (कातडी फाटलेली किंवा फोड आलेली) किंवा त्याहून मोठी नवीन जखम झाली, आणि तो फरक आकडेशास्त्राच्या कसोटीवर ठाम टिकला नाही. हे जखम टाळण्याबद्दल आहे, भरण्याबद्दल नाही, पण पंपाला देव करून ठेवू नये एवढं तरी त्यातून कळतं. मात्र चांगला फोम म्हणजे वॉर्डातली ती रेक्झिनची, मध्ये खड्डा पडलेली गादी नव्हे.

मणक्याचं फ्रॅक्चर अजून पक्कं केलेलं नसेल तर आळीपाळीने फुगणारी गादी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायची नाही, खालून हलती गादी तिथे धोक्याची. कॉटवर एअर मॅट्रेस चढली की पेशंटची उंची वाढते आणि साईड रेल तेवढीच कमी पडते, गोंधळलेला, झटापट करणारा पेशंट वरून पडू शकतो. काहींना खालच्या हालचालीने मळमळतं किंवा पाठ दुखते, त्यांना थोडा वेळ स्टॅटिकवर ठेवून बघा.

डिस्चार्जला भाड्याने गादी घेऊन जाणार असाल तर दुकानातच पंप लावून दोन्ही पाईपमधून आळीपाळीने हवा येते का ते दाखवायला सांगा, पट्ट्या आणि जादा नळी मागून घ्या, कव्हर आधीच्या पेशंटनंतर निर्जंतुक केलंय का विचारा. घरी कॉट कुठे ठेवायची हे सॉकेट आणि इन्व्हर्टरची लाईन बघून ठरवा, पंप इन्व्हर्टरवर आरामात चालतो, त्याला वीज फार लागत नाही.